एका डहाळीवर दोन ठिपके

डॉक्टरीणबाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा ते झाड आहे हे मला आधी कळलंच नाही. ते आडवं होतं, वादळात निजलेल्या शेवग्यासारखं. डावीकडे बुंधा, बुंध्यातून फुटलेल्या रेघा, रेघांतून आणखी बारीक रेघा, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक ठिपका. "प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाळ," डॉक्टर प्राजक्ता म्हणाल्या, "म्हणजे बाळाच्या नाकातला विषाणू. त्या महिन्यात जिल्ह्यात जी बाळं धापा टाकत दवाखान्यात आली, त्यांतल्या बऱ्याच जणांचे नमुने पुण्याला गेले होते. तिथे ते एकमेकांशी ताडून बघितले." मी ओले हात पदराला पुसले आणि समजल्यासारखी मान हलवली. मागे माजघरात रिया पाळण्यात झोपली होती. तिचा श्वास मी इथूनही ऐकत होते. दवाखान्यातून आल्यापासून माझा एक कान तिच्या छातीवर ठेवल्यासारखाच असतो. विषाणू एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना आपली नक्कल काढतो, डॉक्टर सांगत होत्या, आणि नक्कल काढताना चुका करतो, आपण दुसऱ्याची वही उतरवून घेताना करतो तशा. चुका जितक्या वेगळ्या तितक्या फांद्या लांब. हे कणकवलीचं बाळ, ते कसालकडचं, बघा किती लांब गेलं. "आणि हे दोन." त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं. तरी ते दोन ठिपके वेगळे होईनात. एक दुसऱ्याची सावली असावी तसे चिकटून होते. "एकही अक्षर वेगळं नाही. आणि आपल्या केंद्रातून तेव्हा दोनच बाळं पाठवली होती. तुमची रिया, आणि पलीकडचा लवू."

पलीकडचा म्हणताना त्यांनी सहज हात केला. हात गेला तो गडग्याकडे. आमच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला चिऱ्यांचा, छातीइतका उंच गडगा आहे आणि त्याच्या पलीकडे आमच्या घरासारखंच घर, तशीच कौलं, तशीच तुळस. बाई नवीन होत्या, हसतमुख होत्या, त्यांना काय ठाऊक. "एकच आडनाव, एकच कुटुंब ना तुमचं? मला फक्त नोंद करायचीय. दोन्ही घरांत येणंजाणं आहे ना?"

ओटीवर दाजींचा अडकित्ता थांबला. दाजी म्हणजे माझे सासरे. "येणाजाणा?" ते म्हणाले. "बाय माझे, त्या घरचो कावळो आमच्या माडार बसणा नाय, आणि तुमी येणाजाणा इचारतास?"

हे मी लग्न होऊन आले तेव्हाच मला सांगितलं गेलं होतं, मीठ कुठे ठेवतात ते सांगतात तसं. भिकाजीकाका दाजींचे सख्खे धाकटे भाऊ. मोठ्या घरच्या गणपतीत आरतीला कोण उभा राहणार यावरून काहीतरी झालं, आणि पुढच्या चतुर्थीला काकांनी आपला वेगळा गणपती आणला. इथे वाटणी माडांची झाली तर माणसं भांडून गप्प होतात. गणपती वेगळा झाला की मग काही राहत नाही. त्याच वर्षी गडगा उभा राहिला. सोयर नाही, सुतक नाही. पोहरा विहिरीत पडला तरी दुसऱ्या घरचा गळ मागायचा नाही. काकांच्या सुनेला मुलगा झाला आणि त्याचं नाव पणजोबांवरून लवू ठेवलं, तेव्हा दाजी जेवता जेवता म्हणाले होते, "बापाशीचे माड नेल्यानी, गणपती नेल्यानी, आता नावय नेल्यानी!" आणि सासूबाईंनी ताटात भात वाढत म्हटलं होतं, "नाव न्हेला तर न्हेला. तुमी थोडेच ता नाव परत ठेवतलास?" मी तेव्हा पोटुशी होते आणि मला हसू आलं होतं. आत्ता आठवलं तरी ते हसू आतल्या आत कुजल्यासारखं वाटतं.

"म्हणजे थेट संबंध नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या थोड्या गोंधळल्या. मग माझ्याकडे वळल्या, कारण आई मी होते. "ताई, तुम्ही सांगा. त्या दिवसांत रियाला कुणी जवळ घेतलं होतं? किंवा तुम्ही कुठल्या बाळाला घेतलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

शुद्ध मराठीत म्हटलं. तालुक्याच्या कचेरीत बोलतात तसं, सगळी अक्षरं जागच्या जागी. त्या एका शब्दाने माझ्या तोंडाला कोकमाचं आगळ नुसतं प्यायल्यासारखं झालं. मी मोबाइलकडे पाहिलं. पडदा काळा पडत होता, ते दोन ठिपके त्यात बुडत होते, आणि मला वाटलं, पुण्यात कुणीतरी, पांढऱ्या कोटातल्या कुण्या मुलीने, मला कधी न पाहिलेल्या मुलीने, आमची दुपार पाहिली. न्हाणीच्या मागची. माडाच्या आळ्याजवळची. तिने माझा सोडलेला पदर पाहिला. तिला नावं ठाऊक नाहीत, गाव ठाऊक नाही, पण दोन बाळांची तोंडं एकमेकांच्या इतकी जवळ आली होती की त्यांच्यामध्ये एका चुकीलासुद्धा जागा उरली नव्हती, हे तिने पाहिलं आणि त्याचं चित्र काढून पाठवलं.

"शेवंती!" सासूबाई एकदम म्हणाल्या. त्या इतका वेळ उंबऱ्यावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. "दोनय पोरांका तीच न्हाऊ घालता. आधी थंय, मगे हंय. तेच हात!" हे इतकं सरळ होतं की डॉक्टरांनी त्याची लगेच नोंद केली. खरंच, गडगा एकच माणूस ओलांडत होतं आणि ते आम्हा कुणाला ओलांडणं वाटतच नव्हतं. शेवंतीकाकीने दोन्ही घरांतली सगळी पोरं पायांवर घेतली होती; भांडण झाल्यावर दाजींनी आणि काकांनी आपापल्या ओटीवरून तिला एकच अट घातली होती म्हणे, की इकडचं तिकडे बोलायचं नाही. ती बोलली नाही. तिच्या हातांचं काय, याचा विचार कुणी केला नाही. "हातांवरून जाऊ शकतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण यावरून कोणाकडून कोणाकडे गेलं ते कळत नाही हं. जवळ आली होती एवढंच कळतं. कुणाला दोष द्यायला नाही हे." दाजींनी मान डोलावली, देवळातला कौल उजवा पडल्यावर डोलावतात तशी. डॉक्टरांनी चहा घेतला, रियाच्या छातीला नळी लावून ऐकलं, छान आहे म्हणाल्या, आणि त्यांची स्कूटर पाणंदीतून वळून गेली. मी त्यांच्या मागे बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत गेले. सांगायला गेले होते. बेडं उघडून दिलं आणि म्हटलं, "सावकाश जावा."

न्हाणीमागची ती दुपार अशी सुरू झाली होती. दाजी जेवून आडवे झालेले, सासूबाईंचा डोळा लागलेला, आणि गडग्यापलीकडे लवू रडत होता. भुकेचं रडणं आईला कळतं हे मी ऐकून होते, पण ते कुणाच्याही बाळाचं कळतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दोरीवरची दुपटी काढत होते आणि एकाएकी छाती भरून आली, आतून कुणी गाठी सोडाव्यात तशी कळ गेली आणि ब्लाऊज ओला झाला. रिया आत पोटभर पिऊन झोपली होती. मला इतकी लाज वाटली, एकटीच असून, की मी दुपटं छातीशी धरलं. तेवढ्यात न्हाणीमागे, जिथे दोन चिरे ढासळून गडगा कमरेइतका झालाय, तिथे समीक्षा दिसली. काकांची सून. तिला मी तोवर पाठमोरीच पाहिली होती, पिंगुळीची पोर, लांब वेणीची. आता वेणी नव्हती, केसांचा नुसता गुंता होता. छातीत गाठ पिकून तिला ताप आला होता आणि तापात दूध आटलं होतं, हे शेवंतीने नव्हे, सगळ्या वाडीने सांगितलं होतं. ती माझ्या छातीवरच्या दुपट्याकडे बघत होती. "वयनी," ती म्हणाली, "हेका बाटली सोसणा नाय." एवढंच. मागितलं नाही. मग तिने त्याला नुसतं उचललं आणि चिऱ्यावर, दोन्ही घरांच्या मधोमध, ठेवल्यासारखं धरलं. आणि मी घेतलं.

तो रियापेक्षा हलका होता. त्याने असं ओढलं की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. रिया पिताना खेळते, सोडते, माझ्याकडे बघून हसते. हा नुसता पीत होता, डोळे मिटून, मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकवून. समीक्षा गडग्याला पाठ लावून खाली बसली, तिकडच्या बाजूने, आणि मी इकडच्या बाजूने. आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो. तिने विचारलं, "पिता?" मी म्हटलं, "पिता." मग ती रडली असावी. मग रोज. कधी रियाही माझ्याबरोबर असायची, एकीकडे ती, एकीकडे तो, आणि दोघांची पावलं माझ्या मांडीवर एकमेकांना लागायची. सासूबाई माझ्यासाठी हळिवाचे लाडू करत होत्या, पेजेत तूप घालत होत्या, "खा गो, चेडवाक दूध पुराक व्हया," म्हणत होत्या, आणि मी खात होते आणि ते गडग्यापलीकडे जात होतं. चोरी वाटायची. पण चोरीत इतकं सुख असतं हेही तिथेच कळलं. त्याच्या टाळूचा वास रियाच्या टाळूसारखा नव्हता; थोडा खारट, ओल्या जाळ्यासारखा. मी तो वास घ्यायची आणि मग रियाला उचलून तिची माफी मागितल्यासारखी तिला कुरवाळायची. विनीतला, माझ्या नवऱ्याला, मी फोनवर सगळं सांगते, इकडे बांगडे काय भावाने मिळतात तेसुद्धा. हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, की आधी गप्प झाला असता, हे मला ठरवता आलं नाही.

त्यानंतर विनीत मुंबईहून सर्दी घेऊन आला आणि रियाला घेऊन नाचला, तिला शिंका लागल्या, आणि शिंका लागल्या असूनही दुपारी मी मागे गेले, कारण तो रडत होता. हे एक वाक्य मी कितीदा मनात फिरवलंय. कारण तो रडत होता. जिल्ह्याच्या इस्पितळात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. दोघांच्याही बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या. दाजींनी मधला हिरवा पडदा ओढून घेतला आणि तिकडून काकांनीही ओढला, तसा तो मधोमध अडकून बसला आणि फटीतून मला समीक्षाचा एक डोळा दिसत राहिला. नळीतून त्याला पावडरीचं दूध देत होते. माझी छाती फुटत होती आणि मी बेसिनपाशी उभी राहून दूध पिळून टाकत होते. त्या फटीतल्या डोळ्याने ते पाहिलं. घरी आल्यावर मी न्हाणीमागे गेले नाही. विषाणू माझ्यामुळे गेला अशी भीती, हे मी स्वतःला सांगितलं ते कारण. खरं कारण इतकंच की मला कुणी पकडू नये. तो रडतो अजून, दुपारी, त्याच वेळेला. मी मिक्सर लावते. सोलकढी नको असली तरी नारळ वाटते.

"काय गो रियाबाय, उठलंस काय नाय? सूर्य डोक्यार इलो, आणि हेंची अजून फाट!" शेवंतीकाकी पाणंदीतूनच बोलत येते. पायांत चपला नाहीत, कमरेला पदर खोचलेला, हातांना कायम खोबरेलाचा वास. ती रियाला पायांवर घेते तेव्हा जगात काही वाईट असू शकत नाही असं मला वाटतं. "तुझ्या घोवाचा नाक मियाच वडून सरळ केलंय," ती मला दर दोन दिवसांनी ऐकवते, "नायतर तू तेका पसंत केलं असतंस?" आज डॉक्टरीणबाई गेल्यावर तिने खळ्यात पाय टाकला आणि दाजी ओटीवरून म्हणाले, "शेवंती, थंयच रव."

ती थांबली. हसत थांबली, काहीतरी चेष्टा असेल म्हणून. सासूबाईंनी सांगितलं. पुण्यासून इला, दोनय पोरांचा दुखणा एकच, अक्षराअक्षरान एकच, तुझ्याच हातान थंयसून हंय इला. शेवंतीकाकी आधी सासूबाईंवर चिडली. "माझ्या हातान? मी साबण लावन हात धुतंय गो यशोदा, कोपरापर्यंत! तुझ्या झिलाक न्हाऊ घातलंय तेव्हा काय झाला तेका? घोड्यासारखो झालो!" मला तिचं चिडणं बरं वाटलं. चिडली तर ती भांडेल, भांडण होईल, आणि भांडणात सत्य कुठेतरी हरवून जाईल. माझ्या मनाने इतकं हलकं व्हावं, हेही मी नोंदवून ठेवते. पण मग ती बोलता बोलता थांबली. तिने आपले हात पुढे धरले, पंजे वर करून, जसं कुणी त्यात काही घालणार आहे. आणि बघत राहिली. "दोन दिस नळाक पाणी नव्हता," ती म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता. "तेव्हा हात नुसते पदराक पुसलंय. तेव्हाच झाला आसतला." कुणी तिला विचारलं नव्हतं. दाजींनासुद्धा ते ऐकून जरा अवघड झालं. त्यांनी अडकित्ता उगीच उघडला, मिटला. "उद्यापासून येव नको," ते म्हणाले. "वाडीतय सांगूक व्हया. लोकांची पोरां आसत." ती मान हलवत होती. "नाय येवचंय. माका कोणाच्या पोराक हात लावची भीतीच वाटतली आता." आणि तिने ते हात पदरात घेतले, गुंडाळले, जसे जळालेले हात गुंडाळतात.

मी उंबऱ्यावर उभी होते. सांग, मी स्वतःला म्हणत होते, आणि त्याच वेळी हिशेब करत होते: दाजी काय म्हणतील, विनीत काय म्हणेल, समीक्षाला काका माहेरी पाठवतील, रियाच्या आजारपणाचा बोल माझ्यावर येईल, आणि तो खराच असेल. शेवंतीला आणखी घरं मिळतील, म्हणत होते. नाही मिळणार, हे माहीत असताना. एका मोबाइलवरचं चित्र मी वाचू शकत होते आणि तिला वाचता येत नव्हतं, एवढ्यावर मी तिचे हात तिच्याकडून काढून घेत होते.

आणि पलीकडे लवू रडू लागला.

ती त्याची वेळ नव्हती. मिक्सर लावायला मी आत पळू शकले असते. पण शरीर माझ्याआधी पोचलं. तीच कळ, त्याच गाठी, आणि माझ्या फिक्या निळ्या ब्लाऊजवर दोन डाग उमटले. पसरत गेले. एकमेकांना मिळाले. मी पदर ओढला. पदरही ओला झाला. सासूबाईंची नजर तिथे आली. "रिया उठला काय गो?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच आत वाकून बघितलं. पाळणा स्थिर होता. रिया अंगठा तोंडात घालून झोपली होती. सासूबाईंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, मग गडग्याकडे, जिथून ते रडणं येत होतं, मग पुन्हा माझ्या छातीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काही तुटलं नाही, जुळलं नाही. आठळीचं साल बोटांत तसंच राहिलं. त्यांनी चार मुलं पाजली आहेत. त्यांना चित्र लागलं नाही.

मी खळ्यात उतरले. न्हाणीमागे नाही गेले, खळ्यातूनच गेले, उन्हातून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून. गडग्यापाशी समीक्षा उभी होती, लवूला खांद्यावर थोपटत. सगळं तिने ऐकलं असणार. माझा ओला पदर बघून तिने मान हलवली, नको, नको. मी हात पुढे केले. गडगा इथे उंच आहे. तिला टाचा उंचावाव्या लागल्या. तो आणखी हलका झाला होता. मी तिथेच, खळ्याच्या कडेला, चिऱ्यावर टेकले आणि त्याला जवळ घेतलं, आणि बोलले तेव्हा सगळी अक्षरं जागेवरून सुटली होती. "शेवंतीकाकी, तुमच्या हातान नाय. माझ्या अंगावरसून गेला. मी तेका पाजी होतंय."

दाजी उठून उभे राहिले. पलीकडे काकांच्या ओटीवर कुणाचं तरी खोकणं थांबलं. मला वाटलं आता ओरडतील, आता काहीतरी कोसळेल. सासूबाईंचाच आवाज आला, कोरडा, रोजचा. "बघतास काय असे? तोंड फिरवा थंय." आणि दाजींनी, घरात कुणाचं न ऐकणाऱ्या माणसाने, तोंड फिरवलं. माडांकडे.

लवू घाईघाईने पीत होता, घोटांच्या मध्ये हुंदके देत. माझी मान खाली होती. लाज गेली नव्हती. ती आता फक्त उघड्यावर आली होती, उन्हात वाळत घातल्यासारखी. मी शेवंतीकाकीकडे बघू शकत नव्हते, तरी पाहिलं. ती खळ्याच्या मध्यात होती तिथेच होती. तिने दोन पावलं टाकली आणि थांबली. "मान वर धर तेची," ती म्हणाली. "ठसको लागात."

मी त्याची मान वर धरली. ती नीट जमत नव्हती; दुसऱ्याच्या बाळाची मान वेगळ्या कोनात बसते. एरवी तिने पुढे येऊन, माझा हात बाजूला सारून, आपल्या पंज्यात ती मान घेतली असती. मी वाट बघितली. ती बघत राहिली, ओठ हलवत, मनातल्या मनात त्याला नीट धरत. हात मात्र तिने पदरातून बाहेर काढले नाहीत.